पाय तालावर पडायला हवा: डान्स गेम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी चवथीला डिचोलीला माहेरी गेले होते. आरत्या आटोपल्या, जेवणं झाली आणि भाच्याने हॉलमध्ये टीव्हीपुढे दोन मॅट पसरल्या. प्रत्येक मॅटवर चार बाण. एका मॅटवर तो, दुसरीवर माझी ६४ वर्षांची आई. गाणं एकच, पण पडद्यावर त्याच्या बाजूला बाणांचा नुसता पाऊस आणि आईच्या बाजूला दोन-दोन मात्रांनी सावकाश येणारा एकेक बाण. गाणं संपलं तेव्हा दोघंही घामाघूम आणि दोघंही खूश. आई म्हणाली, "आणि एकदा लाव बघू."

मग फोंड्याला परत येऊन हाच गेम आमच्या घरी लावायचा म्हणून मी जी खटपट केली, तिच्यात तीन महिने गेले. चुकीची मॅट घेतली, चुकीच्या स्पीकरला जोडली, आणि जमेना तेव्हा दोष दिला तो पायांना. तुमचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

हा खेळ नवख्यालाही जमतो आणि वर्षानुवर्षं खेळणाऱ्यालाही पुरून उरतो. भजनी मंडळात बसलेल्यांना त्याचं कारण चटकन कळेल. ठेका तोच, पण आधी बरोबरीत, मग दुगुन, मग चौगुन. गेममध्येही गाणं तेच राहतं, त्यावर पाय किती वेळा आणि कुठे टाकायचा तेवढं बदलतं. त्या मांडणीला खेळणारे चार्ट म्हणतात. एका गाण्याला बहुधा पाच चार्ट असतात, आणि शेजारी उभे असलेले दोघं आपापला वेगळा चार्ट निवडून तेच गाणं एकत्र खेळू शकतात.

१. हाताचा गेम हवा की पायाचा, ते आधी ठरवा

दुकानात किंवा ऑनलाइन 'डान्स गेम' म्हटलं की दोन अगदी वेगळ्या गोष्टी समोर येतात. इथेच बहुतेकांची फसगत होते.

पहिला प्रकार 'जस्ट डान्स'चा. युबिसॉफ्ट कंपनीने तो २००९ मध्ये निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर, आणला. पडद्यावर नाचणारी व्यक्ती दिसते आणि आपण आरशात बघितल्यासारखी तिची नक्कल करायची. उजव्या हातात रिमोट, नाहीतर नव्या कन्सोलवर फोन धरायचा. गेमला समजते ती फक्त त्या हाताची हालचाल. पाय कुठे आहेत हे त्याला कळतच नाही. त्यामुळे आजी खुर्चीत बसून हात हलवूनही गुण मिळवू शकते, आणि पायांनी सुरेख नाचणाऱ्या मुलीचा हात ढिला पडला तर तिचे गुण जातात. गाण्याला जास्तीत जास्त १३,३३३ गुण असतात, १०,००० ला पाच तारे, ११,००० ला सुपरस्टार आणि १२,००० ला मेगास्टार. पहिल्याच संध्याकाळी तीन-चार तारे सहज मिळतात. लग्नघरात, वाढदिवसाला, पाहुणे आले की हाच लावावा.

दुसरा प्रकार बाणांचा. 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' कोनामीने १९९८ मध्ये जपानच्या गेम पार्लरांत आणला. डावा, खाली, वर, उजवा असे चार बाण पायाखाली असतात. पडद्यावर बाण खालून वर सरकत येतात आणि वरच्या स्थिर बाणावर नेमके बसले की पायाखालचा तोच बाण दाबायचा. १९९९ मध्ये दक्षिण कोरियाच्या अँडामिरोने 'पंप इट अप' काढला. त्यात पाच चौकोन आहेत, चार कोपऱ्यांना आणि एक मध्ये. इथे गेमला कळतात फक्त पाय, हातांचं तुम्ही काहीही करा.

पूर्ण अंगाची हालचाल कॅमेऱ्याने टिपणारा तिसरा प्रकारही होता. हार्मोनिक्सचा 'डान्स सेंट्रल' २०१० मध्ये एक्सबॉक्सच्या किनेक्ट कॅमेऱ्यासाठी आला. पण किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं. कुणी जुना संच स्वस्तात देऊ केला तर सुटे भाग मिळणार नाहीत हे धरूनच घ्या.

माझं मत विचाराल तर, महिन्यातून एकदा चार माणसं जमतात तिथे हाताचा गेम. रोज अर्धा तास घाम गाळायचा असेल आणि आपण सुधारतोय हे बघायचं असेल, तर पायाचा. पुढचं सगळं पायाच्या गेमबद्दल आहे, कारण अडचणी तिथेच येतात.

२. सामान जमवा

घरी सुरुवात करायला एवढं पुरे:

- साधा लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर. फार ताकदीचा नको, दहा वर्षांपूर्वीचाही चालतो.
- टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल.
- यूएसबीची डान्स मॅट. दोघांना खेळायचं असेल तर दोन.
- वायरवाला स्पीकर, किंवा टीव्हीचाच आवाज.
- मॅटपेक्षा थोडा मोठा प्लायवूडचा तुकडा आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.
- पाणी, टॉवेल, पंखा.

सॉफ्टवेअर म्हणून 'स्टेपमेनिया' घ्या. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि जगभरच्या लोकांनी बनवलेले चार्ट त्यावर चालतात. त्याच्यावरूनच पुढे निघालेला 'आयटीजीमेनिया' सरावलेले लोक जास्त वापरतात. सुरुवातीला कुठलाही चालेल.

मॅट घेताना मात्र सावध राहा. मी पहिली मॅट मागवली ती एका ऑनलाइन विक्रेत्याकडून. फोटोत यूएसबी दिसत होती. खोका उघडला तर वायरच्या टोकाला कुठल्याशा जुन्या कन्सोलचा चपटा प्लग. परत करण्यात पंधरा दिवस गेले. म्हणून वर्णन वाचून थांबू नका, प्लगचा फोटो मागवून घ्या.

मॅट आल्यावर पहिली परीक्षा ही: डावा आणि उजवा बाण एकदम दाबा, मग वर आणि खाली एकदम. काही स्वस्त मॅट आतून जॉयस्टिकसारख्या जोडलेल्या असतात. जॉयस्टिक एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही, तशीच अशी मॅट दोन समोरासमोरचे बाण एकदम ओळखत नाही. मग दोन्ही पायांनी उडी मारायची जागा आली की नेहमी चूक धरली जाते आणि आपल्याला वाटतं, आपलंच चुकतंय. स्टेपमेनियाच्या सेटिंगमध्ये 'टेस्ट इनपुट' नावाचा पडदा आहे, तिथे दोन मिनिटांत खरं काय ते कळतं. ही परीक्षा परत करण्याची मुदत संपायच्या आत करा.

धातूचा, पायाखाली न हलणारा हार्ड पॅड फार छान, पण सहा महिने तरी मॅटवर काढल्याशिवाय घेऊ नका. तो जड असतो, महाग असतो, आणि परदेशातून मागवला तर वर कस्टम ड्युटी. शिवाय कळंगूट, बाणावली, हरमल अशा किनाऱ्यालगत राहत असाल तर खारी हवा त्याच्या स्क्रूंना आणि पत्र्यांना सोडत नाही.

३. जमीन, शेजारी आणि आपला पावसाळा

मऊ मॅट गुळगुळीत टाइल्सवर सरकते. तिसऱ्या गाण्यापर्यंत ती टीव्हीच्या दिशेने हातभर पुढे गेलेली असते. प्लायवूडवर टेपने चिकटवली की प्रश्न मिटतो. जुन्या घरात लाकडी माळ्यावर खेळू नका. खाली जो बसलाय त्याच्या ताटात धूळ पडते.

दुपारी एक ते चार खेळायचं नाही. आपल्याकडे ती झोपेची वेळ, आणि वरच्या मजल्यावरची धपधप खालच्या घरात ढोल वाजवल्यासारखी ऐकू जाते. आमच्या इमारतीत मी खालच्या काकींना आधीच जाऊन सांगितलं, संध्याकाळी साडेसहा ते सात. त्यांनी काहीच हरकत घेतली नाही. उलट आठवड्याभराने त्यांची नात खेळायला आली.

जूनपासून पुढे ओल येते. खेळून झाल्यावर मॅट कोरड्या फडक्याने पुसा, थोडा वेळ पंख्याखाली ठेवा आणि गुंडाळून उभी करा. घडी घालू नका. आत वीज वाहून नेणारा पातळ थर असतो. तो घडीवर तुटतो आणि मग नेमका एकच बाण मधूनमधून मुका होतो. ओल्या पायांनी कधीच चढू नका. गडगडाट सुरू झाला की टीव्हीचा आणि लॅपटॉपचा प्लग काढून ठेवा, खेळ उद्या.

गुडघे, घोटे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आई पहिला महिना फक्त चालल्यासारखं खेळली, एकही उडी नाही. तेवढ्यानेही चांगला घाम येतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये हा गेम व्यायाम म्हणून आपल्या ७६५ सरकारी शाळांत आणायचं जाहीर केलं होतं, ते उगाच नाही.

४. आवाज आणि चित्र जुळवून घ्या

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं फुकट जातं. मी वगळली होती.

झालं असं. टीव्हीचा आवाज बारीक वाटला म्हणून मी ब्लूटूथ स्पीकर जोडला. सगळ्यात सोपा चार्ट लावला. ठेका ऐकून पाय टाकत होते, भजनाला वर्षानुवर्षं टाळ धरलेली मी, आणि पडद्यावर मात्र मिस, मिस, मिस. दोन आठवडे मला वाटत राहिलं की वय झालं. मग डिचोलीहून भाचा आला, त्याने स्पीकर बंद केला, टीव्हीचा आवाज लावला, आणि त्याच गाण्यात माझा एकही बाण चुकला नाही.

कारण साधं आहे. ब्लूटूथने आवाज पोहोचायला वेळ लागतो, आणि तो उशीर बऱ्याचदा शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. पाऊल किती नेमकं पडलं त्यावरून गेम प्रत्येक बाणाला श्रेणी देतो. स्टेपमेनियाच्या मूळ सेटिंगमध्ये सगळ्यात वरची श्रेणी मिळवायची तर पाय नेमक्या क्षणाच्या साडेबावीस मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे पडायला हवा. दुसऱ्या श्रेणीला ४५, तिसऱ्या श्रेणीला ९०, चौथीला १३५. म्हणजे तुम्ही कानाने अगदी बरोबर असलात तरी स्पीकर तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या खाली ढकलतो.

तर हे करा:

पहिलं, ब्लूटूथ बंद. दुसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' चालू करा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही ते उशिरा दाखवत असतो, गेम मोडमध्ये तो नाद सोडतो. तिसरं, स्टेपमेनियात मशीन सिंक कॅलिब्रेट करण्याची सोय आहे. साधं, स्थिर लयीचं गाणं लागतं, त्यावर ठेक्याबरोबर बटण दाबत राहायचं आणि प्रोग्रॅम स्वतःच फरक मोजून भरून काढतो. हे पायाने करू नका, कीबोर्डवर बोटाने करा, आणि डोळे मिटून करा. घरात ज्याचा हात तालात पक्का असेल त्याला बसवा. आमच्याकडे तबला वाजवणाऱ्या दिरांनी केलं, त्यानंतर पुन्हा हात लावावा लागला नाही.

टीव्ही किंवा स्पीकर बदलला तर मात्र पुन्हा करा.

५. पहिला आठवडा कसा खेळायचा

सगळ्यात खालचा चार्ट निवडा, 'बिगिनर'. लाज वाटू देऊ नका. त्यानंतर 'इझी', 'मीडियम', 'हार्ड', 'एक्स्पर्ट' असे चढत जातात. कोनामीच्या मशीनवर नावं थोडी वेगळी आहेत: बिगिनर, बेसिक, डिफिकल्ट, एक्स्पर्ट, चॅलेंज.

गाणं निवडताना त्याचा बीपीएम बघा, म्हणजे मिनिटाला किती ठोके. १०० ते १३० च्या मधलं घ्या. फार संथ गाणं नवख्याला उलट जड जातं, दोन ठोक्यांमधल्या पोकळीत पाय घाई करतो.

दोन सेटिंग बदला. एक, गाणं मध्येच बंद पडू नये म्हणून 'फेल' ऑफ करा. नाहीतर चार चुका झाल्या की पडदा काळा आणि पाहुणा नाराज. दुसरं, कीबोर्डवरचं एफ ७ दाबा. त्याने प्रत्येक बाणाच्या क्षणी टाळी वाजते. ही टाळी नवख्याचा सगळ्यात मोठा आधार आहे, कारण डोळ्याआधी कान शिकतो. पण शेजारचं एफ ८ चुकून दाबलं तर ऑटोप्ले लागतो, गेम स्वतःच खेळतो आणि सगळं अचूक दाखवतो. घरात कुणाला अचानक शंभर टक्के मिळाले तर आधी ते बघा.

बाण दाबण्याआधी आणखी एक. गाणं सुरू झालं की पहिले आठ ठोके नुसती मान हलवा. सम सापडली की पाय आपोआप जागेवर येतो. आपल्याकडे घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांच्या आवाजात वाढलेल्या माणसाला सम शोधायला शिकवावं लागत नाही. पडद्याकडे टक लावून बसल्यामुळे ती विसरायला होते, एवढंच.

६. बाणांचा वेग वाढवा

हे वाचून तुम्हाला उलटं वाटेल. मलाही वाटलं होतं.

बाण वर सरकण्याच्या वेगाला स्पीड म्हणतात. नवखा माणूस तो कमी ठेवतो, कारण सावकाश येणारे बाण सोपे दिसतात. पण गाण्याची लय त्याने बदलत नाही. तेवढ्याच वेळात तेवढेच बाण येणार, आणि स्पीड कमी म्हणजे ते सगळे एकमेकांना चिकटून येणार. बाजाराच्या दिवशी म्हापशाच्या गर्दीत ओळखीचा चेहरा शोधावा तसं होतं. स्पीड वाढवला की दोन बाणांत अंतर पडतं आणि प्रत्येक बाण सुटा दिसतो.

एकपटीवरून दीडपट करा, दोन दिवस खेळा, मग दुप्पट. पाऊल टाकायला वेळ पुरत नाही असं वाटलं तर अर्धी पायरी मागे. स्टेपमेनियात 'सी' अक्षराचा स्पीडही असतो, उदाहरणार्थ सी ३००. त्यात गाणं कुठलंही असो, बाण एकाच वेगाने सरकतात. रोज वेगवेगळी गाणी खेळणाऱ्याला तो बरा.

बाणांचे रंगही वाचायला शिका. मॅटवरच्या रंगांशी त्यांचा संबंध नाही, ते लय सांगतात. रूढ रंगसंगतीत ठोक्यावरचा बाण लाल आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मधला निळा. लाल-निळे-लाल-निळे अशी रांग दिसली की समजायचं, दुगुन आली.

७. मध्ये परत येऊ नका

मॅटच्या मधोमध रिकामा चौकोन असतो. प्रत्येक नवखा तिथे उभा राहतो, बाण दाबतो, पाय परत मध्ये आणतो, पुढचा दाबतो, परत मध्ये. म्हणजे एका बाणाला दोन हालचाली. 'इझी'पर्यंत हे खपतं, 'मीडियम'ला दम लागतो आणि 'हार्ड' कधीच जमत नाही. मग माणूस म्हणतो, माझे पाय तेवढे चपळ नाहीत.

पाय जिथे पडला तिथेच राहू द्या. पायाखालचा बाण नुसता दाबून ठेवला तर काही बिघडत नाही, दुसरा पाय पुढच्या बाणावर न्यायचा. गोलातली फुगडी आठवा. तिथे कुणी प्रत्येक पावलानंतर मूळ जागी परत येत नाही, एक पाऊल संपतं तिथूनच दुसरं सुरू होतं.

दुसरा नियम, पाय आलटून-पालटून. डावा, मग उजवा, मग डावा. एकाच पायाने सलग दोन वेगळे बाण दाबायची सवय लागली की ती मोडायला फार कठीण.

हे एका तुकड्यावर शिका. पडद्यावर डावा, खाली, उजवा असे बाण आले. डावा पाय डाव्या बाणावर. उजवा पाय खालच्यावर, म्हणजे तुमच्या मागच्या बाजूला. आता पाळी डाव्या पायाची आणि बाण आहे उजवा. डावा पाय पुढून फिरवून उजव्या बाणावर टाका. कंबर आपोआप उजवीकडे वळेल. याला क्रॉसओव्हर म्हणतात. संगीत बंद ठेवून, पायात मोजे न घालता, हाच तुकडा वीस वेळा करा. अकराव्या-बाराव्या वेळी अंग एकदम हलकं होतं आणि तुम्ही बाण दाबण्याऐवजी नाचायला लागता. मला हे जमलं त्या संध्याकाळी मी एकच गाणं नऊ वेळा खेळले.

वजन टाचेवर नको, चवड्यावर. आणि आपटायचं नाही, टेकवायचं. मॅटला जोर लागत नाही. आपटल्याने फक्त टाचा दुखतात आणि खालच्या मजल्याची झोप मोडते.

८. वरच्या लेव्हलला कधी जायचं

गाणं 'पास' झालं म्हणजे ते आलं असं नाही. शेवटी जी यादी दिसते तिच्यात वरच्या दोन श्रेण्यांत किती बाण पडले ते बघा. निम्म्याहून खूप जास्त असतील तर पुढे जा. सगळे तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत असतील तर तोच चार्ट पुन्हा, पण या वेळी कान उघडे ठेवून. खालच्या चार्टवर नेमका पाय टाकणारा माणूस वर गेला की टिकतो. वरच्या चार्टवर कसाबसा पास होणारा वर्षभर तिथेच अडकलेला मी पाहिला आहे.

आकड्यांच्या भानगडीत एक गोष्ट लक्षात ठेवा. जुन्या डान्स डान्स रेव्होल्यूशनमध्ये कठीणपणा १ ते १० असा मोजत, २००८ पासून तो १ ते २० झाला. इतर गेमची मापं आणखी वेगळी. त्यामुळे कुणी "मी ९ खेळतो" म्हणालं तर विचारा, कुठलं ९. जुन्या मापात ते फार कठीण, नव्यात मधलं.

थोडा हिशेब केला की पुढचा रस्ता स्पष्ट दिसतो. १२० बीपीएमच्या गाण्यात ठोक्याला एक बाण म्हणजे सेकंदाला दोन. दुगुन म्हणजे चार. चौगुन म्हणजे आठ. १५० बीपीएमवर चौगुनीचा सलग प्रवाह आला, त्याला खेळणारे स्ट्रीम म्हणतात, तर सेकंदाला दहा पावलं. सरावलेले लोक असे स्ट्रीम मिनिटभर आणि त्याहून जास्तही खेळतात. त्यांना गेम झोनमधल्या मशीनच्या मागच्या दांड्याला धरून खेळताना पाहिलंत तर ते फसवत नाहीत. वेगवान चार्टला तोल सांभाळायला बहुतेकांना दांडा लागतो. तुम्हाला मात्र सध्या दांड्याशिवायच शिकायचं आहे, म्हणजे अंग वळायला शिकेल.

९. गेम झोनमध्ये जाताना

पणजी, पर्वरी, मडगाव भागात मॉलला गेलात आणि तिथल्या गेम झोनमध्ये बाणांचं मशीन दिसलं, तर आधी चार बाण आहेत की पाच ते बघा. चारवर शिकलेला पाचवर गोंधळतो, कारण तिथे बाण कोपऱ्यांना असतात आणि मधल्या चौकोनालाही काम असतं.

कार्ड स्वाइप करण्याआधी प्रत्येक चौकोनावर पाय देऊन दिवा लागतो का बघा आणि आधीचा खेळाडू खेळत असेल तर त्याचा कुठला बाण दगा देतोय ते पाहा. एकदा मी कार्डात पैसे भरून तीन गाणी खेळले आणि उजवा बाण पहिल्यापासून बंद होता. समुद्रावरून थेट येऊ नका. वाळूचे पाय आणि रबरी चपला दोन्ही धोक्याच्या. सपाट तळव्याचे, हलके, नाडीचे बूट घाला.

रांग असेल तर एक खेळ झाला की खाली उतरा. कुणी कठीण चार्ट खेळत असेल तर बाजूच्या रिकाम्या पॅडवर मुलांना चढवू नका. उलट, सरावलेला कुणी एकटा खेळत असेल तर "बाजूला मी सोपा चार्ट लावू का?" असं विचारायला संकोच नको. मी विचारलं तेव्हा त्या मुलाने माझ्यासाठी गाणंही सावकाशीचं निवडलं, आणि स्वतः त्याचा सगळ्यात वरचा चार्ट खेळला.

१०. गाणी भरणं आणि स्वतःचा चार्ट

स्टेपमेनियात नवी गाणी भरताना जवळजवळ प्रत्येक जण एकच चूक करतो. 'साँग्ज' फोल्डरच्या आत आधी एक पॅकचं, म्हणजे गाण्यांच्या गठ्ठ्याचं, फोल्डर लागतं, त्याच्या आत गाण्याचं फोल्डर, आणि त्यात आवाजाची फाइल व चार्टची एसएम किंवा एसएससी फाइल. गाण्याचं फोल्डर थेट 'साँग्ज'मध्ये टाकलं तर ते यादीत दिसत नाही.

थोडं पुढे गेलात की एडिटर उघडा. गेल्या चवथीला आम्ही घरातल्या बायकांची फुगडी फोनवर रेकॉर्ड केली आणि भाच्याने तिचा चार्ट करायला घेतला. एकच बीपीएम धरून बाण मांडले, आणि अर्ध्या मिनिटात ते गाण्याच्या मागे पडले. माणसं गातात तेव्हा लय चढत जाते, फुगडी तर चढवायचीच असते. कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाण्याला एक आकडा पुरतो, आपल्या गाण्याला दर चार-आठ ठोक्यांनी बीपीएम बदलून लिहावा लागतो. टाळीची जागा कानाने ऐकून एकेक खूण करत बसलो, दोन रात्री गेल्या. त्या दीड मिनिटाच्या फुगडीला आज तीन चार्ट आहेत. आईचा, फक्त टाळीवर एक बाण. वहिनीचा, पावलागणिक बाण. भाच्याचा, शेवटी लय चढते तिथे चौगुन आणि सलग चार क्रॉसओव्हर. एका वेळी दोघंच खेळू शकतात, म्हणून तिघं ती आळीपाळीने खेळतात.

असा चार्ट केलात तर सगळ्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा. आमचा पहिला प्रयत्न त्याच्याही आदल्या चवथीचा होता. लॅपटॉप फॉरमॅट करताना तो गेला, आणि वहिनीने सुरुवातीला जी ओवी घेतली होती ती तिला पुन्हा आठवली नाही.